खडखड कुठून येते? सस्पेन्शन आणि एक्सलचा तपास

मराठीला आवाजाच्या शब्दांची ददात नाही. खडखड, टकटक, कटकट, घरघर, कुरकुर, खाडकन, धाडकन. गॅरेजच्या काउंटरवर आपण यातला एखादा शब्द टाकतो, समोरचा माणूस मान हलवतो आणि जॉब कार्डवर लिहितो, ‘फ्रंट साइड नॉइज’. आपली सगळी बारकाई तिथेच विरते.

माझ्या जुन्या हॅचबॅकचं तसंच झालं. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवरून सावकाश जाताना पुढून खडखड यायची. मोठ्या रस्त्यावर मात्र काही नाही. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि निदान दिलं, ‘साहेब, दोन्ही शॉकअप गेलेत.’ बदलले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पेव्हर ब्लॉकवर तीच खडखड. शेवटी एका जुन्या मिस्त्रींनी गाडी पिटवर घेतली, खाली उतरून चाकामागची बोटाएवढी एक दांडी हाताने हलवली आणि म्हणाले, ‘ऐका.’ ती होती स्टॅबिलायझरची लिंक रॉड. शॉकअपच्या तुलनेत तिची किंमत किरकोळ, आणि बदलायला अर्धा तास.

मिस्त्रींनी मला ‘आवाज कसा येतो’ हे विचारलंच नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, ‘कधी येतो? ब्रेक मारताना? वळताना? की नुसतं चालताना?’ या एका प्रश्नाच्या उत्तरात निम्मं निदान असतं. ते का, हे कळायला गाडीच्या पोटाखाली काय चाललंय ते थोडं पाहावं लागेल.

झोपाळा आणि पाय

पहिला गैरसमज आधी दूर करू. गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, स्प्रिंग पेलते. घरातला झोपाळा आठवा. एकदा झोका दिला की तो बराच वेळ हलत राहतो. थांबवायचा असेल तर आपण पाय जमिनीला घासतो. स्प्रिंग म्हणजे झोपाळा आणि शॉकअप म्हणजे तो घासणारा पाय. आतल्या तेलाला बारीक छिद्रांतून आणि झडपांतून ढकलून शॉकअप हालचालीची ताकद उष्णतेत बदलतो आणि ती हवेत सोडून देतो. साध्या मोटारीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण 1 ते 1.5 वेळा वरखाली व्हायला बघते. शॉकअप चांगला असेल तर एका हेलकाव्यात गाडी शांत होते. गेला असेल तर स्पीडब्रेकरनंतर ती दोन-तीनदा होडीसारखी डुलते.

म्हणजे गेलेल्या शॉकअपची पहिली खूण बहुतेक वेळा आवाज नसून डुलणं असते. रस्त्यावर चाक नीट टेकून राहत नाही, म्हणून टायरवर ठिकठिकाणी खोलगट चट्टे पडतात. हात फिरवला की ते कळतात. शॉकअपच्या नळीवर तेलाचा पुसट ओलावा असेल तर घाबरायचं कारण नाही, पण तेल ओघळून त्यावर धुळीचा चिखल बसला असेल तर तो संपला. बॉनेट दाबून सोडायची आणि गाडी किती वेळा हलते ते मोजायचं, ही चाचणी पूर्ण मेलेला शॉकअप पकडते. अर्धमेला तिच्यातून सहज निसटतो.

बाकीचे भाग चाकाला जागेवर धरतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना 1950 च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सल गाडीत पहिल्यांदा बाजारात आली. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवायचे, खांबाचं वरचं टोक बॉडीला जोडायचं आणि चाकाचा खालचा भाग एका लोअर आर्मने धरायचा. स्वस्त आणि आटोपशीर, म्हणून जगभर पसरली. लोअर आर्म बॉडीच्या बाजूला रबराच्या बुशांवर झुलतो आणि चाकाच्या बाजूला बॉल जॉइंटवर, म्हणजे वाटीत बसवलेल्या गोळ्यावर, फिरतो. स्टीअरिंगचा जोर टाय रॉड चाकापर्यंत नेतो. वळणावर गाडी एका अंगाला झुकू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारा वाकडा स्टॅबिलायझर बार असतो आणि त्याची टोकं स्ट्रटला किंवा आर्मला लिंक रॉडने बांधलेली असतात. रबर आणि बॉल जॉइंट, झिजतं ते मुख्यतः एवढंच. आपल्याकडचं ऊन रबराला लवकर तडे पाडतं, आणि पावसाळ्यात पाण्याखाली दडलेला खड्डा राहिलेलं काम उरकतो.

वाटेतले स्पीडब्रेकरही हातभार लावतात. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकात गोलाकार उंचवट्याची रुंदी 3.7 मीटर आणि उंची 10 सेंटीमीटर दिलेली आहे, म्हणजे जवळजवळ गाडीच्या लांबीएवढा पसरट चढउतार. आपल्या गल्लीतला उंबरठा आठवून बघा.

कधी येतो, ते सांगा

सावकाश जाताना, बारीक खाचखळग्यांवर, एकदा डावं आणि एकदा उजवं चाक वरखाली होताना खडखड येत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्या. दोन्ही चाकं एकदम चढली की स्टॅबिलायझरला पीळ बसत नाही, म्हणून सरळ, रुंद स्पीडब्रेकरवर हाच आवाज कमी होतो किंवा गायब होतो. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. मी तो आधीच सांगितला असता तर शॉकअपचे पैसे वाचले असते. लिंक रॉड तपासताना चाकं जमिनीवर किंवा रॅम्पवर टेकलेली असू द्या. जॅकवर चाक लोंबकळलं की जॉइंट एका बाजूला ताणला जातो आणि ढिला असूनही घट्ट वाटतो.

ब्रेक मारताना किंवा गाडी जागची हलताना एकदाच ‘ठक्’ येत असेल, रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये जाताना पुन्हा ‘ठक्’, तर लोअर आर्मचे बुश बघा. ब्रेक लागला की चाक मागे सरकू पाहतं आणि गाडी पुढे जाऊ पाहते. ही ओढाताण बुशाचं रबर सोसतं. ते फाटलं की लोखंड लोखंडावर आदळतं. ताम्हिणीसारखा घाट उतरताना दर वळणाआधी ठक् ऐकू येतं आणि ब्रेकला गाडी किंचित एका बाजूला ओढते. अशा गाडीचं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, दर दोन महिन्यांनी करून घेणारे लोक मी पाहिलेत. मशीनवर गाडी उभी असताना आकडे हिरवे दिसतात, पण रस्त्यावर ब्रेक दाबला की फाटक्या बुशामुळे चाक कोन बदलतं. ढिलाई तशीच ठेवून केलेलं अलाइनमेंट गेटबाहेर पडेपर्यंत टिकतं.

उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना ‘टंग’ किंवा करकर आली, स्प्रिंग अडकून सुटल्यासारखी, तर स्ट्रटच्या वरच्या टोकाचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग बघायचं. एकाने स्टीअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून स्ट्रटच्या टोकाजवळ हात ठेवायचा. धक्का हातालाच लागतो. गाडी एका कोपऱ्यात खाली बसलेली दिसत असेल तर स्प्रिंगचा खालचा वेढा तुटलाय का तेही पाहा. तो तुकडा कित्येकदा तिथेच अडकून असतो आणि वरवर पाहिलं तर सगळं ठीक दिसतं.

आता घरघर. ही सर्वांत फसवी. वेग वाढला की वाढते, क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी वाहू दिली तरी थांबत नाही, म्हणजे इंजिनचा संबंध नाही. उरले दोघे, टायर आणि व्हील बेअरिंग. काँक्रीटवरून डांबरी रस्त्यावर येताच सूर बदलला तर टायर. रस्ता कुठलाही असो, सूर तोच राहिला तर बेअरिंग. मोकळ्या रस्त्यावर लांब वळण घ्या. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर उजवं बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढली तर डावं. खात्री करायची असेल तर चाक उचलून हाताने फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर कानाला कळण्याआधी स्प्रिंगमधून बोटांना कळते.

शंभरच्या आसपासच स्टीअरिंग थरथरत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग करा. फक्त ब्रेक दाबताना थरथरत असेल तर डिस्क बघा. ही दोन्ही कारणं सोपी आहेत, त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

एक्सल म्हणजे नक्की कोणता?

इथे शब्दाचा घोळ आहे. अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या काळात एक्सल म्हणजे मागचा जाड आडवा लोखंडी दांडा, मध्ये दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलचा गोळा आणि खाली पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, तिच्यात पुढचीच चाकं गाडी ओढायची. तेव्हापासून गॅरेजात ‘एक्सल’ म्हटलं की गिअरबॉक्समधून पुढच्या चाकाकडे जाणारा ड्राइव्ह शाफ्ट, हा अर्थ रुळला. म्हणून कुणी ‘एक्सल गेलाय’ म्हटलं तर आधी गाडी कुठली ते विचारा.

पुढच्या चाकाला दोन कामं एकदम करावी लागतात, ताकद घ्यायची आणि वळायचंही. साधा क्रॉस जॉइंट कोनात फिरला की एका फेरीत कधी पुढे धावतो, कधी मागे रेंगाळतो. गाडीला झटके बसतील. 1920 च्या दशकात आल्फ्रेड झेप्पा या इंजिनिअरने वाटीत खाचा करून त्यात सहा गोळ्या बसवल्या. कोन कितीही बदलला तरी गोळ्या दोन्ही शाफ्टच्या बरोबर मधल्या प्रतलात राहतात, त्यामुळे वेग एकसारखा राहतो. आजच्या गाडीत चाकाकडच्या टोकाला हाच जॉइंट असतो. गिअरबॉक्सकडच्या टोकाला बहुधा तीन रोलरचा जॉइंट असतो. तो कोनाबरोबर आतबाहेरही सरकतो.

दोन्ही जॉइंट काळ्या ग्रीसमध्ये बुडालेले असतात आणि त्यांच्यावर रबराचं घडीदार बूट चढवलेलं असतं. जॉइंट स्वतःहून क्वचित मरतो. आधी बूट फाटतं, फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं, मग चिखलपाणी आत जाऊन गोळ्या आणि खाचा घासते. चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला गोलाकार काळे शिंतोडे दिसले की समजा बूट फाटलं. हे वेळेवर दिसलं तर बूट आणि ग्रीस बदलून भागतं, नाहीतर अख्खा जॉइंट किंवा शाफ्ट. दर वेळी टायर फिरवून लावताना तिथे टॉर्च मारायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

जॉइंटची चाचणी मोकळ्या मैदानात होते. स्टीअरिंग एका टोकापर्यंत वळवा, पहिल्या गिअरमध्ये हळू गोल फिरा आणि थोडा अॅक्सिलरेटर द्या. ‘कट-कट-कट’ असा चाकाच्या वेगाबरोबर वाढणारा आवाज आला तर बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा जॉइंट. दुसऱ्या बाजूला वळवून आणि रिव्हर्समध्येही करून बघा. आवाज कुठल्या चाकातून येतो ते आतल्यापेक्षा बाहेर उभ्या माणसाला चांगलं कळतं. आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट कटकट करत नाही. सरळ रस्त्यावर जोरात वेग घेताना गाडीचं नाक डावंउजवं थरथरतं आणि अॅक्सिलरेटर सोडताच शांत होतं, ही त्याची खूण. हीच थरथर बॅलन्सिंगच्या खात्यात टाकून चारही चाकं दोनदा बॅलन्स करून घेतलेल्या गाड्या कमी नाहीत.

छोट्या गाड्यांना मागे बहुधा एकच पोकळ आडवी पट्टी असते, पिळली जाईल अशी. डिव्हायडरवर चढून ती वाकली तर मागचा कोन सहसा स्क्रूने जुळवता येत नाही, आणि सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग वाकडं धरावं लागतं. काही ठिकाणी गॅसच्या ज्योतीने तापवून ती सरळ करतात. माझ्या मते हे करू नये. तापलेल्या पोलादाची मूळ ताकद परत येईलच असं नाही, आणि पुढचा खड्डा आधी विचारून येत नाही.

बोलेरोसारख्या पाट्यांच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. गाडी हलताना ‘टिंग’ आलं की प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्समधून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचा क्रॉस जॉइंट. मागून पाहिल्यावर गाडी खेकड्यासारखी तिरकी चाललेली दिसली तर पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकलाय का ते पाहा. मागच्या ड्रममध्ये तेल उतरत असेल तर सील बदलण्याआधी एक्सलवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं तोंड, उघडून बघा. तो चिखलाने बुजला की आतली गरम हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते आणि नवं सीलही महिन्याभरात गळतं.

हात लावताना

घरी तपासायचं असेल तर जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नका. खाली घोडी, म्हणजे गाडीचं वजन पेलणारा लोखंडी स्टँड, लावा. चाक हवेत आलं की घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी दोन्ही हातांनी धरून आतबाहेर हलवा. ढिलाई लागली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. मग नऊ आणि तीनच्या जागी हलवा, तिथली ढिलाई बहुधा टाय रॉड एंडची. बारा-सहाची ढिलाई कशातली ते कळायला कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ढिलाई गेली तर ती बेअरिंगमध्ये होती, राहिली तर बॉल जॉइंटकडे बघा. बुशासाठी टॉमीने (लोखंडी पहारीने) आर्म हळूच ढकलून पाहायचा. रबर थोडं दबणारच, पण ते फाटून उघडं पडता कामा नये.

दुरुस्तीत मिस्त्री चांगला की घाईतला हे तीन-चार गोष्टींतून कळतं. शॉकअप जोडीने बदलायचे, एक नवा आणि एक जुना ठेवला तर गाडी ब्रेकमध्ये दोन्ही बाजूंना वेगळी वागते. तेल भरून, वेल्डिंग करून दिलेले शॉकअप मिळतात, पण त्यांची डावी-उजवी ताकद सारखी असल्याची खात्री कोण देणार? स्ट्रट उघडण्याआधी स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबलीच पाहिजे. दाबल्याशिवाय वरचा नट काढला तर स्प्रिंग सुटून माणूस मरू शकतो. हे काम घरी करू नका, एवढंच सांगेन.

सगळ्यात जास्त चुकतं ते बुशांचं आवळणं. गाडी लिफ्टवर आणि चाकं लोंबकळत असताना बोल्ट पक्का केला तर रबर त्याच अवस्थेत बांधलं जातं. गाडी खाली उतरली की रबराला कायमचा पीळ, आणि नवा बुश सहा महिन्यांत फाटतो. बोल्ट आधी हलके लावायचे, चाकांवर गाडीचं वजन येऊ द्यायचं आणि मग शेवटचं आवळायचं. ‘पार्टच डुप्लिकेट होता’ म्हणून परत आलेले बुश पुष्कळदा याचेच बळी असतात.

ड्राइव्ह शाफ्टच्या मोठ्या नटाचंही तसंच. पान्याला पाइप लावून तो अंदाजाने आवळणं म्हणजे बेअरिंगशी जुगार, कारण बऱ्याच गाड्यांत बेअरिंगवरचा दाब हाच नट ठरवतो. कंपनीने दिलेला टॉर्क (आवळण्याचा जोर), तो मोजणारा टॉर्क रेंच, आणि सांगितलं असेल तिथे नवा नट. बेअरिंग बसवताना प्रेसचा जोर बाहेरच्या रिंगवर द्यायचा, आतल्या रिंगवर दिला तर गोळ्यांचे ठसे उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच आठवड्यात घरघरतं. एबीएसच्या गाडीत बेअरिंगची एक बाजू चुंबकीय असते. ते उलटं बसलं की डॅशबोर्डवरचा दिवा पेटतो आणि लोक सेन्सर बदलत बसतात.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. आणि बदललेला जुना भाग मागून घ्या. हातात घेऊन हलवला की आपण कशाचे पैसे दिले ते दिसतं.

लिंक रॉडच्या खडखडीवर पगाराची तारीख येईपर्यंत खुशाल फिरा. फाटलेल्या बुटावर आठवडाभर, पाण्यातून न जाता. घरघरणाऱ्या बेअरिंगवर गॅरेजपर्यंत, हायवे टाळून. पण बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड हाताला हलत असेल तर चावी फिरवूच नका. तो सुटला की चाक दुमडून आडवं पडतं, आणि बहुधा वळणावर किंवा ब्रेकमध्येच सुटतो. अशी गाडी दोरीने टोचन करूनही नेऊ नका, कारण टोचनातही ती त्याच चाकावर धावते. पूर्ण गाडी उचलून नेणारा ट्रक बोलवा.